सुपातली गावं

शनिवार, २३ मे

दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची बारा पानं कोरी होती. त्यांवर आजपासून वादळ लिहायचं, असा मामंजींचा हुकूम झाला आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे, सुभेदार लालासाहेब. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. समुद्रात कुठंही वादळ उठलं की रेडिओवरचे आकडे ऐकायचे आणि माझ्या लेकीचा, क्रांतीचा, शाळेतला जुना नकाशा पाटावर चिकटवलाय त्यात टाचण्या रोवायच्या, हा त्यांचा पेन्शनीतला नाद. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आकडे ऐकू येतात, रेघा दिसत नाहीत. म्हणून मी. मॅट्रिक झालेली सून घरात असताना ती काय नुसती दुधाची लिटरं मोजायला, असं म्हणतात.

मागं दिवाळीच्या सुमारास ओरिसाच्या बाजूला असंच एक आलं होतं. तेव्हा मीच रेडिओ बंद केला होता. म्हटलं, तिकडं आपलं कोण हाय, उगाच सेल उतरतात. मामंजींनी ते ऐकून घेतलं होतं. आज बंद करायची सोय नाही. लक्षद्वीपजवळ हवेचा दाब कमी झालाय, त्याच्या वरच्या अंगाला कोकण आहे आणि कोकणात आमची क्रांती आहे.

जावई विश्वजीतराव गुहागर तालुक्यात कातळवेळ गावाला ग्रामसेवक आहेत. मूळचे सांगलीजवळच्या माधवनगरचे. भाड्याचं घर, पायरीवर बसलं की समुद्र दिसतो. नात साक्षी आठ महिन्यांची. हा अधिक महिना म्हणजे जावयाचा पहिलाच धोंडा. तीन वर्षांनी एकदा हा मान असतो, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे. येत्या रविवारी, ३१ तारखेला, पौर्णिमेचं जेवण ठरलंय. उद्या अनारशाचे तांदूळ भिजत घालायचे.

वादळाचं मला काही नाही. मामंजींच्या डोळ्यांसाठी लिहितेय.

रविवार, २४ मे

तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं.

डिप्रेशन झालं, म्हणजे वादळाची पहिली पायरी. १२.६ उत्तर, ७१.४ पूर्व. वारा ताशी ४५. पहिली टाचणी मी लावली. नकाशातलं एक घर उभं चढलं की एकशे अकरा किलोमीटर, हे मामंजींनी शिकवलं. कातळवेळला मी वेगळी टाचणी लावली, डोक्याला कुंकू ओलं करून. मामंजींनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, लांब हाय. मग थोड्या वेळानं म्हणाले, "गोळाबी लांबनंच येतो."

दुपारी माधवनगरहून विहीणबाईंचा, बनुबाईंचा, फोन. माधवनगरची मिल चालू असताना त्यांचे यजमान तिथं फिटर होते, तेव्हापासून मशीन कुठलंही असो, बिघाड कुठं आहे हे बाईंना आधी कळतं. म्हणाल्या, "काय म्हणतंय वो तुमचं वादळ?" जसं काही मीच गोठ्यात बांधलंय.

मंगळवार, २६ मे

काल डीप डिप्रेशन, १३.६ उत्तर. काल पाहुणे होते म्हणून लिहिलं नाही, टाचणी मात्र लावली. आज चक्रीवादळ झालं. १४.५ उत्तर, ७२.० पूर्व. वारा ताशी ८०. तोंड किनाऱ्याकडं वळवलंय.

पंचायतीत हवामान खात्याचं चित्र येतं, ते क्रांती मला फोनवर धाडते. त्यात वादळाच्या पुढं एक पांढरा पट्टा काढलेला असतो, वादळापाशी निमुळता आणि पुढं पसरत गेलेला. थेट आपलं सूप. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, बरोबर, ह्या सुपात ते कुठंबी जाईल. "सूप म्हंजे खात्री न्हवं सूनबाई. आपल्याला जे ठाऊक न्हाई, ते एवढं रुंद हाय, एवढंच ते सांगतंय."

कातळवेळ सुपाच्या मधोमध आहे. देवगडपासून अलिबागपर्यंत सगळी गावं सुपात. शुक्रवारी दुपारी किनारा गाठेल म्हणतात. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं माझी आई म्हणायची. तिला हे सूप दाखवायला पाहिजे होतं.

क्रांतीला म्हटलं, उद्याच निघा. ती म्हणाली, ह्यांना रजा नाही, लोकांना हलवायचं काम आहे, आणि ह्यांना सोडून मी कशी येऊ. तिथल्या बायका म्हणतील, साहेबांनी स्वतःची बायको आधी काढली.

मग मी जे केलं ते लिहिते. दुसरं कुणाला सांगण्यासारखं नाही. तासाभरानं परत फोन लावला आणि सांगितलं की गुरुजींनी पंचांग बघितलं, यंदा पौर्णिमेला धोंडा चालत नाही, जावयाच्या जिवाला बरं नसतं. बारशीलाच, म्हणजे गुरुवारीच, जेवण झालं पाहिजे. गुरुजींना मी विचारलंसुद्धा नाही. ते दोन दिवसांपासून पुसेसावळीला आहेत.

क्रांती म्हणाली, "आई, तांदूळ तरी भिजलेत का?" पोरगी माझीच. मी म्हटलं, भिजलेत. मागून विश्वजीतरावांचा आवाज आला, कुणाशी तरी होडीबद्दल बोलत होते. त्यांनी फोन घेतला. गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं आई. गुरुवारी धाडतो." एवढंच. गडबडीत होते.

देवापुढं बसले तर जप लागेना. अधिकमास म्हणजे पुरुषोत्तमाचा महिना, आणि त्याच महिन्यात त्याच्याच नावानं खोटं.

बुधवार, २७ मे, एकादशी

उपास. तांदूळ उपसून फडक्यावर पसरले, अर्धवट सुकले तसेच मिक्सरमध्ये फिरवले, चाळले, गुळात मळून गोळा डब्यात दाबला. हे पीठ चार दिवस मुरावं लागतं. मी एक रात्र देणार आहे.

सकाळचे आकडे १५.२ उत्तर, ७२.२ पूर्व, ताशी ९५. तीव्र चक्रीवादळ. टाचणी लावताना हात अडला. ७२.२ म्हणजे किनाऱ्याच्या अंगाला. मी ती केसभर डावीकडं, म्हणजे समुद्राच्या अंगाला लावली. ७१.७ असेल. एवढ्यानं काय होतं, असं वाटलं.

मामंजींनी नेहमीसारखं खालपासून बोट फिरवत आणलं. शेवटच्या टाचणीवर थांबले. परत खाली गेले, परत वर आले. रेडिओ ईशान्येला सरकलं म्हणाला, मग ही वायव्येला कशी गेली, असं विचारलं. मग म्हणाले, "ही टाचणी तू लावलीस का तुझ्या मनानं लावली?"

मी म्हटलं, मामंजी, चुकलं.

रागावले नाहीत. एकाहत्तरला त्यांच्या तोफांच्या बॅटरीत एका पोरानं भिऊन आकडा असाच थोडा सोयीचा करून सांगितला होता, तो गोळा आपल्याच खंदकापुढं पडला. ते पोर पुढं कधी जेवताना मान वर करून बसलं नाही. एवढं सांगून म्हणाले, "आकड्याला माया लावायची न्हाई. माया लावायला माणसं हायत."

टाचणी काढून जागेवर लावली. आधीचं भोक नकाशात दिसतं.

गुरुवार, २८ मे

सकाळी १६.१ उत्तर, ७२.३ पूर्व, ताशी ११०.

पहाटेच अनारसे थापून तुपात सोडले. पहिला हसला. दुसरा हसला. पीठ मुरलं नाही की अनारसा तुपात फुटून पसरतो, त्याला हसणं म्हणतात, पण आज ते खरंच मला हसल्यासारखे वाटले. पाच सोडले, पाचही हसले. तुपाचा गाळ झाला. बाकीचा गोळा डब्यात परत दाबून ठेवला आणि नुसते धोंडे करायचं ठरवलं.

क्रांतीचा चिपळूणहून साडेनवाला फोन आला, एस.टी.त बसलो. मग काही नाही. बारापर्यंत यायला पाहिजे होती. कुंभार्ली घाटात झाड आडवं झालंय असं दूध घालायला आलेल्या तानाजीनं सांगितलं. त्यानं आपलं सहज सांगितलं. घरात राहिली असती तर पक्क्या भिंतीत असती. मी तिला ओढून दरडीखाली आणली. गुरुजींच्या नावानं आणली. त्या चार तासांत मी वादळाचं एकदाही ऐकलं नाही, नुसता घाट डोळ्यांपुढं. मामंजी मात्र दर तासाला रेडिओ लावून बसले होते.

पाचला आमच्या उंब्रजच्या स्टँडवर उतरली. मी छत्री घेऊन उभी. कडेवर साक्षी, खांद्याला पिशवी. तिच्या मागून लोक उतरत राहिले. शेवटी कंडक्टर उतरला, तरी मी बघतच होते.

"ते न्हाई आले आई," क्रांती म्हणाली. मोटरसायकलवरून चिपळूणपर्यंत सोडलं आणि तसेच मागं फिरले. निरोप दिलाय की माझं ताट ठेवा, पौर्णिमेला येतो.

पौर्णिमेला चालत नाही असं मी दोनदा सांगितलं होतं. गडबडीत विसरले बहुतेक.

घरी येऊन साक्षीला न्हाऊ घातलं. पोर हसतखेळत, घाटाचं तिला काय. मला इतकं हलकं वाटलं की शेजारी दगडाबाईंना धोंडे नेऊन दिले. तेवढ्यात बनुबाईंचा फोन.

"आली का तुमची?"

आली म्हटलं.

"बरं झालं," म्हणाल्या. "तुमची हाकेला आली. माझा ऱ्हायला."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं. धोंडा जावयाचा असतो. मी ताट मांडलं जावयाच्या नावानं आणि बोलावली लेक, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

शुक्रवार, २९ मे

सकाळी सहा: १६.९ उत्तर, ७२.४ पूर्व. ताशी ११५. अकरानंतर विश्वजीतरावांचा फोन लागत नाही. शेवटचं बोलणं क्रांतीशी झालं ते असं, की गावातली निम्मी माणसं शाळेत आली, निम्मी अजून होड्या सोडून येत नाहीत.

इथंही वारा सुटला. वीज गेली. ऊस आडवा पडतोय असं ज्यांचा आहे ते म्हणत होते. मोबाइलचं चित्रही बंद, म्हणजे सूप नाही, फक्त मामंजींचा रेडिओ. सेल कालच नवे आणून ठेवले होते, चार.

दुपारी: १७.४ उत्तर, ७२.४ पूर्व. कातळवेळसुद्धा १७.४. म्हणजे वादळ गावाच्या बरोबर समोर येऊन उभं राहिलं. मी टाचणी लावली, जागेवर लावली. मामंजींनी वादळाची टाचणी आणि कुंकवाची टाचणी ह्यांच्यामध्ये बोट ठेवून बघितलं.

"मधी माझं एक बोट बसतंय," म्हणाले.

एक बोट म्हणजे पंच्याऐंशी किलोमीटर. ते एकाच जागी तीन तास घुटमळत होतं. आता उजवीकडं वळलं तर गावावर, वर गेलं तर सुटलो. मी देवापुढं बसले. सहस्रनाम म्हणत होते पण मधूनमधून तोंडातून आपोआप यायला लागलं, वर ने, बाबा, वर ने. किती वेळ म्हणत होते कुणास ठाऊक. क्रांती साक्षीला पाजत मागं बसली होती.

"वर म्हंजे कुठं, आई?" तिनं विचारलं.

वर मुंबई आहे, पालघर आहे, त्याच्या वर गुजरात आहे. नकाशा माझ्याच हाताखालचा, मला ठाऊक नाही असं कसं म्हणू. तिथल्या बायका त्याच वेळी खाली ने, खाली ने म्हणत असतील. देवानं कुणाचं ऐकावं? मी थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. मनातल्या मनात म्हणत राहिले.

तिन्हीसांजेला: १७.९ उत्तर, ७२.२ पूर्व. वर निघालं. मामंजी म्हणाले, बोट आणि वर नखभर. फोन नाही.

बनुबाईंना आकडे कळवले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. टाचणी कुठली, नकाशा कुठला, त्यांच्याकडं काही नाही. तरी लिहून घेतले.

शनिवार, ३० मे

दहा वाजता अनोळखी नंबर. विश्वजीतराव. आवाज बसलेला. "आई, सगळी हायत. एकशे बेचाळीस."

मी फोन क्रांतीकडं दिला आणि गोठ्यात गेले. म्हशीला उगाच दोनदा पाणी दाखवलं.

मग माझ्या फोनवरून आधी माधवनगरला लावला. बनुबाईंना कळलं होतं, तरी त्यांनी मला सगळं परत सांगू दिलं. मी म्हटलं, उद्या पहाटेच्या गाडीनं या, धोंड्याला. त्या म्हणाल्या, "आवं, पोराची आई कवा जाती व्हय धोंड्याला? लोक हसतील." म्हटलं, हसू देत. तेवढंच माझ्या अनारशांना जमत होतं, आता लोकांना जमू दे.

वादळ १९.० उत्तर, ७१.८ पूर्व. अजून वरच चाललंय. ताशी १२०.

रविवार, ३१ मे, पौर्णिमा

डब्यातलं पीठ चार दिवसांत आपोआप मुरलं होतं. खसखशीवर थापले, तुपात सोडले. एक हसला नाही. जाळी अशी पडली की आरपार दिसावं. तेहतीस झाले.

हे पुण्याहून आले. ते तिथं बँकेवर वॉचमन आहेत. बनुबाई नऊला आल्या, पिशवीत भडंग आणि नातीला झबलं. विश्वजीतराव बाराला, त्याच मोटरसायकलवर. उजव्या तळहाताला पट्टी. शाळेचे पत्रे उडाले तेव्हा एक धरायला गेले. पत्रा धरायचा असतो का, असं मामंजी म्हणाले, पण त्यांचा हात हातात घेऊन पट्टी बोटांनी चाचपत किती तरी वेळ बसले.

ताट वाढलं. हात तसला, धोंडा मोडता येईना. मी सासू, मला भरवता येत नाही, क्रांती वडीलधाऱ्यांपुढं लाजली. बनुबाई पुढं सरकल्या, धोंड्याचे तुकडे केले, तुपात बुडवले आणि पोराच्या डाव्या हाताला देत गेल्या. बोलावलं नसतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात आलं.

होड्या सोडून न येणारे शेवटी कसे आले, हे ह्यांनी विचारलं. विश्वजीतराव म्हणाले, गुरुवारी परत गेलो तेव्हा साठ-सत्तर माणसं अडून बसली होती. सरकारी कागद दाखवला, पोलीस आणले, हलत नव्हती. मग शुक्रवारी दुपारी गावच्या गुरवाला म्हटलं, देवीला कौल लाव. त्यानं फुलं लावली. उजवं फूल पडलं, देवी म्हणाली वर शाळेत जा. तासाभरात सगळी उठली.

"खरंच पडलं उजवं?" क्रांतीनं विचारलं.

"गुरव म्हणाला पडलं." मग माझ्याकडं न बघता, ताटाकडं बघत म्हणाले, "सुचलं ते आईंच्या फोनवरनं. पंचांग पंचायतीतबी भिंतीला हाय."

मी आणखी एक अनारसा वाढायला उठले. तेवढंच तोंडाला सुटलेला घाम पदरानं पुसायला निमित्त.

आम्ही जेवत असतानाच मामंजींनी बातम्या लावल्या. वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. गावाचं नाव सांगितलं, मला नीट कळलं नाही. होड्या गेल्या, माणसांचा आकडा अजून येतोय म्हणाले. माझ्या हातात तूप होतं. 'वर' म्हणजे कुठं, ते आज रेडिओनं सांगितलं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. बनुबाईंनी घास मध्येच थांबवला आणि म्हणाल्या, "तिथंबी कुणाचा तरी अधिक महिनाच असंल."

जेवणं झाल्यावर मी टाचणी घेतली. २०.८ उत्तर, ७१.२ पूर्व. आकडा होता तिथंच लावली.

गुरुवार, ४ जून

पाहुणे गेले. दोन दिवस भांडी, दूध, झाडलोट. गुरुजी परत आलेत. त्यांना जाऊन सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही कान धरायला लावले नाहीत, फक्त म्हणाले, पुढच्या वेळी विचारून माझं नाव घ्या. म्हणजे पुढची वेळ येणार, असं त्यांना वाटतं.

पाट आवरायला घेतला. टाचण्या काढून डबीत टाकल्या. कुंकवाची काढली. गुजरातची निघेना, पाटाच्या लाकडात गेलीय. एवढी जोरात मी कधी रोवली ते आठवत नाही. राहू दिली. खाली वाटेबाहेरचं ते एक भोकही आहे, ७१.७ चं.

संध्याकाळच्या बातम्यांत शेवटी सांगितलं, बंगालच्या उपसागरात नवीन डिप्रेशन. मी हात पुसत बाहेर आले.

मामंजी खाटेवर पडूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे सूनबाई. सेल उतरतील. तिकडं आपलं कोण हाय?"

थट्टा होती की नाही, त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी रेडिओ मोठा केला, पाट मांडीवर घेतला आणि डबीतून एक टाचणी काढली.

१४.८ उत्तर, ८८.२ पूर्व. वारा ताशी ४५. सरकतंय उत्तरेला, सावकाश.